चार नंबरच्या लेनवरचं तेल

आमच्या धंद्यातली सगळी लबाडी तेलात होती, आणि ते तेल कुणाला दिसायचं नाही. गिऱ्हाईक बॉलचा रंग बघायचं, बुटांचा वास घेऊन नाक मुरडायचं, पडद्यावर आपल्या नावापुढे लागलेला आकडा बघून खूश व्हायचं. ज्या तेलावरून बॉल जातो ते तेल बघायला नऊ वर्षांत कुणी आलं नाही. एक बाई आली. तिच्याबद्दल सांगायचं आहे, पण आधी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल. नाशिकमध्ये इतकी वर्षं बोलिंग सेंटर सांभाळूनही माझी सख्खी बहीण अजून लोकांना सांगते की मी 'त्या गोट्यांच्या दुकानात' होते.

मी मूळची इन्स्पेक्शनची. सातपूरच्या एका कारखान्यात बारा वर्षं व्हर्निअर हातात धरून जॉब, म्हणजे मशिनवर तयार झालेले भाग, मोजले. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तर बाजूला, मग सुपरवायझर कितीही गोड बोलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद पडला. त्याच सुमाराला एका बिल्डरनं, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो, परदेशात मोडीत निघालेल्या एका सेंटरचं सामान कंटेनरमधून आणलं. लाकडी लेन, पिना उभ्या करणारी मशिनं, बूट आणि साठेक बॉल. महामार्गाला लागून शेड उभारली, सहा लेन टाकल्या आणि माणसं घ्यायला सुरुवात केली. मुलाखतीत शेठनी विचारलं, बोलिंग येतं का. मी म्हटलं, येत नाही, पण मोजता येतं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले सोमवारपासून या.

पहिल्या वर्षभरात मी बोलिंगपेक्षा मोज्यांबद्दल जास्त शिकले. भाड्याच्या बुटांना मोजे लागतात, आणि नाशिकच्या माणसाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक असतंच. जे गिऱ्हाईक जितक्या ऐटीत गाडीतून उतरे तितकं भोक मोठं. बायका तर चपलांवर येत, मग काउंटरवर मोजे ठेवायला लागलो. बूट परत यावेत म्हणून आम्ही एक चप्पल ठेवून घ्यायचो. पिंपळगावचे एक द्राक्षवाले एकदा आमचे बूट घालूनच गेले आणि दुसऱ्या दिवशी पॅकहाउसमधल्या माणसाबरोबर बूट आणि द्राक्षाची पेटी पाठवून दिली. चप्पल मात्र न्यायला विसरले. ती सेंटर बंद होईपर्यंत आमच्याकडे होती.

हेच द्राक्षवाले रॅकवरचा सगळ्यात जड बॉल उचलायचे. सोळा पौंडांचा. बायको समोर बसलेली असली की हटकून तोच. दोन फेऱ्यांनंतर खांदा दाबत म्हणायचे, तुमचा बॉल वाकडा आहे.

बॉल वाकडा नसतो. तो समजायला जरा वेळ लागतो, तेवढंच. लेन साठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, पलीकडे दहा पिना. लेनच्या पहिल्या चाळीसेक फुटांवर पातळ तेल असतं, पुढे कोरडं. तेलावर बॉल घसरत सरळ जातो, कोरड्यावर आला की लाकूड पकडतो आणि वळतो. वळणं महत्त्वाचं, कारण नाकासमोर गेलेला बॉल मधल्या पिना पाडून निघून जातो, आणि तिरका वळून घुसलेला बॉल दहाच्या दहा लोळवतो. आता बॉलही सारखे नसतात. साध्या प्लास्टिकचा गुळगुळीत असतो, त्याला तेल काय आणि कोरडं काय, तो आपला सरळ जातो. दुसऱ्या जातीच्या बॉलच्या सालीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. तो तेल पितो, लाकडाला चिकटतो आणि जोरात वळतो. त्याची साल खरखरीत ठेवली तर लवकर पकडतो, पॉलिश केली तर उशिरा. म्हणजे लेनवर तेल किती, कुठपर्यंत आणि खेळून खेळून किती उडालंय, यावर कुठला बॉल काढायचा ते ठरतं. म्हणूनच पट्टीचा खेळाडू एक बॉल घेऊन फिरत नाही, संच घेऊन फिरतो.

आमच्याकडे संचावर विश्वास नसलेला एक माणूस होता. देवळाली कॅम्पचे निवृत्त सुभेदार, तोफखान्यातले. मंगळवारी सकाळी येत, तीन गेम खेळत, आपला एकच काळा बॉल रुमालानं पुसून पिशवीत घालत आणि बसनं परत जात. मी एकदा त्यांना दुसरा बॉल घ्यायचं सुचवलं तर म्हणाले, "बाई, गोळा लांब पडला म्हणून तोफ बदलत नाहीत. तोफेचं तोंड बदलतात." म्हणजे ते आपले पाय दोन इंच सरकवत. मी मनात हसले होते. त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला पुण्याला जावं लागलं.

आता लबाडी. तेल लावायचं मशिन कंटेनरमधून आलं तेव्हाच आजारी होतं. वर्षभरात त्यानं राम म्हटला. नव्याची किंमत ऐकून शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग मी नाशिकच्या बाईला सुचेल ते केलं. द्राक्षबागेच्या फवारणीचा पाठीवरचा पंप कोरा आणला, त्याला सगळ्यात बारीक नोझल लावली, आणि रोज सकाळी पाठीवर पंप घेऊन सहा लेनवर तेल फवारू लागले. मागून लोकरीचं लांब पुसणं फिरवायचं. पहिल्या दिवशी द्राक्षवाल्यांनी बघितलं तर विचारलं, लेनवर भुरीचा रोग पडला का.

तेल कसं मारायचं हे शेठनी ठरवून दिलं होतं. मध्ये भरपूर, कडांना जेमतेम. असं केलं की हात चुकून बॉल बाहेर गेला तर कोरड्यावर पकडून आत परत येतो, आणि जास्त आत गेला तर तेलावर घसरून तिथंच राहतो. दोन्हीकडून बॉलला समजूत घालून मध्ये आणलं जातं. ही काही आमचीच करामत नव्हती. जगभरात हौशी सेंटरं असंच करतात, कारण ज्याचे आकडे चांगले लागतात तो पुढच्या रविवारी परत येतो. शेठ म्हणायचे, "अहो, प्रसादासारखं आहे. प्रत्येकाच्या हातावर थोडं पडलं पाहिजे." मी ऐकायची. शंभराव्या भागासाठी लोकांशी भांडलेली मी रोज सकाळी पंप पाठीवर घेऊन दर गेमला माणशी वीस-तीस पिना वाटत होते.

अशात विमलताई आल्या.

मखमलाबादकडच्या, घरचा भाजीचा मळा, वय पंचेचाळीसच्या आसपास. पुतण्याच्या वाढदिवसाला सगळं कुटुंब आलं होतं आणि त्या केकची राखण करत खुर्चीवर बसल्या होत्या. कुणीतरी आग्रह केला म्हणून पदर खोचून उठल्या. बॉल त्यांच्या हातातून सुटला तो थेट लेनच्या उजव्या कडेच्या गटरकडे निघाला. पुतणे हसायला लागले. अगदी काठावर गेला आणि तिथून कुणी हाक मारल्यासारखा मागे वळला. दहाच्या दहा पिना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, परत टाका. परत तेच. असं वळण शिकवायला महिने जातात, म्हणून मी विचारलं की कुठे शिकलात.

"शिकायचं काय त्याच्यात?" त्या म्हणाल्या. "कोबीचा गड्डा असाच मोडते मी. मुरगाळून."

पुढच्या मंगळवारपासून त्या यायला लागल्या. पहाटे मार्केट यार्डात माल उतरवायचा, परतताना तासभर आमच्याकडे. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, बाहेर पिकअपमध्ये झोपायचे. विमलताई नऊवारी नाही, साधी गोल साडी नेसायच्या, ती चार बोटं वर खोचायची, पायात पाच नंबरचे बूट आणि पुतण्याचे शाळेचे मोजे. सुभेदारांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जुंपलं. ते त्यांना 'कोबीवाल्या बाई' म्हणत, त्या त्यांना 'रिकामे सुभेदार'. सहा महिन्यांत विमलताईंची सरासरी गेमला तीनशेपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी झाली. सुभेदारांची एकशे पासष्ट होती. त्यानंतर ते त्यांना नुसतं 'बाई' म्हणू लागले.

पुण्याला राज्याच्या संघाची निवड होणार, बायकांच्या चार जागा, हे मीच त्यांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या की जाते. घरी काय सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, काय सांगायचंय, गेली वीस वर्षं मी कुणाच्या लग्नाशिवाय गाव सोडलं नाय, आता एकदा माझ्या कामाला सोडते. सासऱ्यांनी विचारलं म्हणे, पाडून मिळतं काय. यांनी सांगितलं, निवड झाली तर महाराष्ट्र लिहिलेला शर्ट मिळतो. सासरे म्हणाले, मग साडीवर घालशील का. इथे विषय संपला आणि बाईंना तो शर्ट हवासा वाटू लागला. त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, पण एकदा मापाचं विचारलं.

भाड्याच्या बॉलवर निवड स्पर्धा खेळता येत नाही असं नाही, पण त्याला अर्थ नसतो. त्याची भोकं जगाच्या बोटांसाठी पाडलेली असतात. मी मुंबईहून दोन कोरे बॉल मागवले, चौदा पौंडी, दोन्ही वळणाऱ्या जातीचे. एक निळा, खरखरीत सालीचा. दुसरा लाल, पॉलिश केलेला. भोकं पाडायचं यंत्र नाशकात कुणाकडे नव्हतं. मी विमलताईंना सोबत घेऊन ते अंबडला शिंद्यांच्या जॉबवर्कच्या शेडमध्ये नेले. शिंदे माझ्या कारखान्यातले जुने, मी त्यांचे जितके जॉब नापास केले होते तितके कुणीच केले नसतील. त्यांनी बॉल हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "ताई, फिट कुठला देऊ? सरकता की घट्ट?"

मी म्हटलं, बरोबर बसेल असा द्या. ही माझी चूक. कारखान्यातल्या दोन माणसांमध्ये 'बरोबर' या शब्दाचा एकच अर्थ असतो. शिंद्यांनी विमलताईंचा अंगठा व्हर्निअरनं तीन ठिकाणी मोजला, कागदावर लिहून घेतला, आणि बॉलला इतकं अचूक भोक पाडलं की त्यात हवासुद्धा राहिली नाही. प्रदर्शनात मांडावं असं काम.

मंगळवारी विमलताईंनी निळा बॉल घेतला, चार पावलं टाकली, हात मागे नेला, पुढे आणला, आणि बॉल सुटलाच नाही. चौदा पौंड पुढे निघाले आणि त्यांच्यामागून विमलताई. रेघ ओलांडून तेलावर गेल्या आणि शांतपणे खाली बसल्या. कुठे लागलं नाही. पण अंगठा काही निघेना. घागर घेतल्यासारखा बॉल कमरेवर ठेवून त्या काउंटरपाशी आल्या.

"मॅडम, हे मला सोडंना."

सुभेदार म्हणाले, तोफसुद्धा गोळा सोडते, बाई. विमलताई म्हणाल्या, तुम्ही गप बसा नायतर याच्यासकट येईन अंगावर. शेवटी कॅन्टीनमधलं गोडं तेल घातलं आणि दहा मिनिटांनी अंगठा मोकळा झाला. अंगठा म्हणजे लोखंडी शाफ्ट नव्हे, सकाळी एक असतो आणि तीन गेमनंतर सुजून दुसरा होतो, हे त्या दिवशी शिंद्यांना आणि मला एकदमच कळलं. दुपारी त्यांच्या शेडमध्ये पॉलिश पेपर लावून भोक मोकळं केलं, काठ गोल केले. शिंदे त्या दिवशी दुःखी होते. एवढं चांगलं भोक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम बिघडवलं होतं.

दोन्ही बॉल हाताला बसले. विमलताईंनी त्यांना नावं ठेवली. निळा आल्या आल्या पकडायचा म्हणून ती थोरली जाऊ. लाल शेवटपर्यंत गप्प राहून मग एकदम वळायचा म्हणून ती धाकटी. दोघींच्या जोरावर एखाद्या गेमचा आकडा दोनशेच्या वरही जाऊ लागला. आमच्या सेंटरात कौतुक, शेठनी काउंटरवर त्यांचा फोटो लावला. आणि मला झोप येईना.

कारण स्पर्धेतलं तेल आमच्यासारखं प्रसादाचं नसतं. तिथे ते मध्ये आणि कडांना सारखंच मारतात. बॉल बाहेर गेला तर गेला, आत गेला तर गेला. कुणी समजूत घालत नाही. विमलताईंच्या एकशे अठ्ठ्याऐंशीतले त्यांचे किती आणि माझ्या पंपाचे किती, हे फक्त मला माहीत होतं. मी जाणूनबुजून एका जॉबवर खोटा शिक्का मारला होता, आणि तो जॉब आता पुण्याला जायला निघाला होता.

महिना उरला तेव्हा मी एके सकाळी चार नंबरच्या लेनवर तेल सारखं मारलं. कडेपासून कडेपर्यंत. आणि काही न बोलता विमलताईंना तिथे उभं केलं. हाही माझा भित्रेपणाच, तोंडानं सांगवेना म्हणून लेनकडून सांगवलं.

पहिला गेम एकशे एकवीस. दुसरा एकशे चौदा. त्यांनी अंगठ्याचं भोक तपासलं, मग बूट बदलले, मग बॉल पुसला. शेवटी फोटो काढायला लावला तेव्हापासून नजर लागली असं म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. सुभेदारांनी चक्क पाणी आणून दिलं. मग मात्र मी उठले, त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि पंप दाखवला. मध्ये किती फवारे, कडेला किती, का, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं सांगितलं.

पंप बघताच त्यांना पुढचं फारसं सांगावं लागलं नाही. त्यांनी नोझल हातात घेऊन बघितली. बोटानं तिचं भोक चाचपलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही क्रेटच्या वरच्या थराला चांगले टमाटे लावले."

मी म्हटलं, हो.

"आन मी व्यापाऱ्यागत वरूनच बघून घेतले."

"तुमची चूक नाही त्यात."

"माझी कशी असल? मी लावत आले की जन्मभर, मला कळाय पायजे होतं." त्या नोझल जागेवर ठेवून उठल्या. मला वाटलं, आता पिकअप सुरू झाल्याचा आवाज येणार. पण त्या चार नंबरवर जाऊन उभ्या राहिल्या. "आता खालचा थर दाखवा," म्हणाल्या.

तो महिना आम्ही चार नंबरवर काढला. आकडे रडत रडत एकशे चाळीसपर्यंत चढले. आता प्रत्येक वेळी दहाच्या दहा पडत नव्हत्या, एखादी पिन कोपऱ्यात उभी राहायची, आणि दुसऱ्या फेकीत ती पाडायला वळणारा बॉल कामाचा नाही. म्हणून तिसरा बॉल आणला, पिवळा, साध्या प्लास्टिकचा. सरळ जाणारा, डावं-उजवं न करणारा. त्याचं नाव मास्तर. तीन बॉलची पिशवी एकोणीस किलोची झाली. मी उचलायला गेले तर विमलताईंनी माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाल्या, क्रेटपेक्षा किलोनं कमीच हाय.

मी त्यांना कागदावर लिहून दिलं. तेल जास्त असेल तर थोरली, खेळून उडालं की धाकटी, एकटी पिन उरली तर मास्तर. इन्स्पेक्शनच्या चार्टसारखं तीन रकान्यांत. मला त्या कागदाचा अभिमान होता.

पुण्याला पिकअपनंच गेलो. पुढे भाऊ, विमलताई आणि मी, मागे सुभेदार रिकाम्या क्रेटवर बसून. भाऊंनी त्यांना पुढे बसायचा आग्रह केला होता, पण ते म्हणाले की तोफेच्या मागेच बसायची सवय आहे.

सेंटर चकाचक होतं, वातानुकूलित. सरावाला दहा मिनिटं मिळाली. मी काचेमागून बघत होते. लेन आरशासारखी चमकत होती, परत आलेल्या बॉलवर तेलाचा जाड पट्टा उमटत होता. माझ्या कागदाप्रमाणे हिशेब सोपा होता. तेल भरपूर, म्हणजे थोरली. मी हात वर करून खूण केली.

पहिला गेम एकशे एकतीस, दुसरा एकशे अडतीस. थोरली अर्ध्या वाटेतच वळून डावीकडे निघून जात होती. मी खुणा करत राहिले की हिलाच ठेवा, बसेल. माझ्या डोळ्यांसमोर बॉलवरचा तो जाड पट्टा होता.

दुसऱ्या गेमनंतर विमलताई काचेपाशी आल्या. "मॅडम, तेल लय हाय, पर लांबवर नाय. ड्रिपचं पानी जोरात येतंय आन शेवटच्या झाडाला पोचत नाय, तसं झालंय."

मी म्हटलं, पट्टा जाड आहे ना पण.

"जाड हाय. आखूड हाय."

तेल किती एवढंच मी मोजलं होतं. कुठपर्यंत, ते मोजलंच नव्हतं. बारा वर्षं इन्स्पेक्शन करून मी जाडी मोजली आणि लांबी विसरले. तरी माझा हात खुणा करतच होता, या वेळी धाकटीची. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, दोघी जावांना रॅकवर ठेवलं आणि मास्तर उचलला.

एकटी पिन पाडायला आणलेला बॉल घेऊन त्या दहाच्या दहा पिनांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा शेजारच्या लेनवरच्या पोरींनी एकमेकींकडे बघितलं. मीही डोळे मिटायच्या बेतात होते. पण आखूड तेलापुढचं लाकूड इतकं कोरडं होतं, आणि बाईंच्या मनगटाला पीळ इतका होता, की सरळमार्गी मास्तरसुद्धा वळला. थोडाच वळला, हवा तेवढाच. एकशे साठ. मग एकशे सहासष्ट. मग एकशे बहात्तर. दर गेमला तेल उडत होतं तशा त्या बॉल न बदलता पाय सरकवत होत्या, एक फळी, मग दोन फळ्या. माझ्या शेजारी सुभेदार काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटचा गेम एकशे एक्क्याऐंशी. सहा गेमची बेरीज नऊशे अठ्ठेचाळीस. चौथ्या आलेल्या मुलीची नऊशे एकोणसाठ. विमलताई पाचव्या. अकरा पिना.

पहिल्या दोन गेममध्ये मी हात खाली ठेवला असता तर त्या अकरा पिना कुठेही मिळाल्या असत्या. हे मला कुणी म्हणालं नाही. परत येताना नारायणगावला चहा प्यायलो, तेव्हाही नाही. मला वाटत होतं की कुणीतरी म्हणावं. संगमनेर मागे पडल्यावर विमलताईंनी विचारलं, "सरासरी किती झाली माझी?"

"एकशे अठ्ठावन्न."

"हे माझे हायत?"

"तुमचेच."

"समदे?"

"सगळेच्या सगळे. खरं तर थोडे जास्तच असते, मी मध्ये आले नसते तर."

त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आन नाशकात एकशे अठ्ठ्याऐंशी हायत. म्हंजे तुमचे तीस."

"हो."

"ते परत घ्या," म्हणाल्या, आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मागून सुभेदारांच्या खोकल्याचा आवाज आला. ते हसत होते असं मला वाटतं.

काउंटरवरचा फोटो त्यांनी दुसऱ्याच मंगळवारी स्वतः काढला. शेठना सांगितलं की चार नंबरवरचं तेल सारखंच राहील, नाहीतर मी येत नाय. शेठ म्हणाले, तिथे कोण खेळणार, आकडे लागणार नाहीत. मी म्हटलं, राहू द्या एक. बाकी पाच लेनवर प्रसाद चालू राहिला. वर्षभर चार नंबर रिकामी असायची. मग कॅम्पातले दोन तरुण अधिकारी मुद्दाम ती मागू लागले. मग एका रविवारी द्राक्षवाले आले आणि आवाज खाली आणून विचारलं, ती खरी लेन कुठली. त्यांना मी आधी हलका बॉल दिला. एकशे दोन झाले. ते आकडे त्यांनी बायकोला बोलावून दाखवले. निवड पुढे दोनदा झाली, दोन्ही वेळा ऐन तोडणीत आली आणि विमलताई गेल्या नाहीत. तो शर्ट त्यांच्या अंगावर चढला नाही, आणि त्याला मी काही अंशी जबाबदार आहे. ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे कुठेतरी नोंद राहील.

गेल्या वर्षी शेठनी सेंटर बंद केलं. त्या जागी आता कारची शोरूम होते आहे. सामान विकायला काढलं तेव्हा मशिनं भंगारात गेली, पिना कुणी शोभेला नेल्या. लाकूड घ्यायला विमलताई पिकअप घेऊन आल्या आणि फक्त चार नंबरचं मागितलं. भाऊंनी सांगितलं की पाच नंबरचं जास्त सुस्थितीत आहे. त्या चार नंबरच्याच फळ्या गाडीत चढवत राहिल्या.

परवा मी मळ्यावर गेले होते. पॅकिंग शेडमध्ये लेनच्या पुढच्या भागाचं लांबलचक टेबल झालं आहे, कडक मेपलचं, अजून सपाट. नेम धरायला लाकडात बसवलेले सात बाण तसेच आहेत. दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून टोमॅटो निवडत होत्या, आणि बाणापाशी बाण प्रतवारी लावलेली होती. पहिल्या बाणापाशी मोठे, तिसऱ्यापाशी मध्यम, सातव्यापाशी डागाळलेले. कोपऱ्यात पिवळा मास्तर होता. क्रेटवर ताडपत्री दाबायला ठेवलेला.

निघताना विमलताईंनी माझ्यासाठी पिशवी भरली. मी सवयीनं हात आत घालून खालचे टोमॅटो वर काढून बघायला लागले. जुनी खोड, कारखान्यातली.

त्यांनी पिशवीचं तोंड माझ्या हातातून घेऊन गाठ मारली.

"चाळू नका, मॅडम," म्हणाल्या. "चार नंबरवरचे हायत."